चौदा नंबरचा झटका

लियाकत फार बोलायचा. आमच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये त्याच्याइतका बोलका माणूस दुसरा नव्हता, आणि टूलरूम माझ्याकडे असल्यामुळे त्यातलं निम्मं मलाच ऐकावं लागायचं. पाना घ्यायला आला की जाळीच्या खिडकीला कोपर टेकवून उभा राहायचा आणि बायको अमिनानं केलेल्या आंबाडीच्या भाजीपासून बल्लारपूरच्या पॅसेंजरपर्यंत सगळं सांगून मगच पाना घेऊन जायचा. मी स्वभावानं तिरसट आहे. दहादा त्याला हाकललं असेल. आता वाटतं, हा माणूस एका ठिकाणी तेवढा गप्प बसला आणि तिथंच नको होतं.

त्याचा बाप बल्लारपुरात पेपर मिलच्या रस्त्यावर सायकली दुरुस्त करायचा. लियाकत शाळेत फार टिकला नाही. राजुऱ्याच्या वाटेवर एका ट्रक गॅरेजात गेला, तिथं हात काळे केले, आणि खाणीत हेल्पर म्हणून लागला. मोठे डंपर आले तेव्हा जुन्या ड्रायव्हरांना ते आवडलेच नाहीत. पायाखाली क्लच नाही, गिअर आपले आपण बदलतात, हे काय काम? लियाकतला कंपनीनं त्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं शिकायला पाठवलं. परत आला तो सासरहून आल्यासारखा खुशीत. जो भेटेल त्याला धरून सांगायचा, "क्लच नाई असं नाई बाप्पा. क्लच हाये, आतमंधी, तेलात बुडून. तुमच्या पायाच्या जागी तेलाचा दाब काम करते. दाब हळूहळू चढला त गाडी लोण्यावानी गिअर बदलते. एकदम चढला त लाथ मारते."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की टूलरूममधल्या उंदरांनाही पाठ झालं असेल.

हेमराज चौदा नंबरचा डंपर चालवायचा. नदीकाठच्या गावातला, मासेमारी करणाऱ्या घरातला पोरगा. घरची थोडी जमीन खाणीत गेली म्हणून त्याला नोकरी मिळाली. बाप सोमाजी अजून जाळं टाकायचा. बायको चंदाबाई, एक मुलगी आचल. लियाकत आणि हेमराज यांचं गूळपीठ होतं. हेमराज आठवड्याच्या सुट्टीनंतर येताना त्याच्यासाठी केळीच्या पानात बांधून मासे आणायचा आणि मला वासही द्यायचा नाही.

तिसरा माणूस इसरू. तो आमचा फोरमन. वाईट माणूस नव्हे. मोठ्यानं हसणारा, मोठ्यानं शिव्या देणारा, आणि दर सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेचा सगळा कारभार अंगावर घेणारा. पूजा म्हणजे आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी गोष्ट. त्या दिवशी मशीन बंद. डंपर धुऊन, झेंडूच्या माळा घालून, समोर नारळ फोडून उभे करायचे, आणि घरच्या बायकापोरांना बघायला आणायचं. लियाकत त्यात सगळ्यांच्या पुढे. तोरणं त्याचीच, माळांची फुलं तोच आणायचा. वर्गणी दिली नाही म्हणून त्यानं मला एकदा भर टूलरूमसमोर लाजवलं होतं.

पण एक गोष्ट सांगायला हवी. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात दंगलींमुळे सगळीकडे हवा बिघडली होती. तेव्हा एका डंपरच्या चाकाचे नट ढिले निघाले. काही झालं नाही, वेळेत दिसले. इसरू हसत म्हणाला, "लियाकतनं ठेवले असन ढिले. बदला घेऊन राह्यला आपला." सगळे हसले. लियाकत सगळ्यांपेक्षा जोरात हसला. त्यानंतर मात्र तो कुठलाही नट कसला की जवळच्या माणसाला हाक मारायचा, "पाहून घे बाप्पा, मंग म्हनू नको." लोकांना वाटायचं, कामाला चोख माणूस आहे. मलाही तेच वाटायचं.

सत्याण्णवच्या पूजेला इसरूच्या डोक्यात एक कल्पना आली. दरवर्षी डंपर पाइपनं आणि बादलीनं धुतले जायचे. त्या वर्षी त्यानं खाणीच्या रस्त्यावर पाणी मारणारा टँकर वर्कशॉपमध्ये आणला आणि त्याच्या पंपाची धार वरून सोडली. काय धार होती! वर्षानुवर्षांची कोळशाची पुटं सोलून निघाली, खालचा पिवळा रंग दिसला. पोरं टाळ्या पिटत होती. लियाकतही अंगठा वर करून नाचत होता. मग आरती झाली, प्रसाद झाला.

चौदा नंबरला त्याच सुमारास टायर नव्हता. धुतलेली गाडी तशीच कित्येक दिवस उभी राहिली.

टायर आला, गाडी सुरू झाली, आणि हेमराज दुसऱ्याच दिवशी खिडकीत आला.

"मुखरूभाऊ, लियाकतभाऊ कुठी हाये? गाडी लाथा मारून राह्यली. पयल्यातून दुसऱ्यात जाते त असा धक्का बसते का दात वाजते."

लियाकत लगेच कामाला लागला. त्याची एक रीत होती: गाडी वर्कशॉपमध्ये उभी करून तपासायच्या आधी तो ऑपरेटरच्या बाजूला बसून एक खेप करून यायचा. गाडी काय बोलते ते ऐकायचा, असं तो म्हणायचा. खेप करून आला तो कमरेवर हात ठेवूनच उतरला.

मग ओळीनं सगळं. गरम गाडी, इंजिन चालू, लिव्हर न्यूट्रलमध्ये, तेव्हा कुठं तेलाची पट्टी काढायची. थंड गाडीत पाहिलं तर ती खोटं सांगते. तेल बरोबर होतं. उलट जरासं जास्तच. मग अ‍ॅक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सकडे जाणारी जोडणी पाहिली. पाय किती दाबला आहे हे ती आत सांगते. ती अडकली तर गिअरबॉक्सला वाटतं पाय पूर्ण दाबलाय, आणि मग तो जोरानं गिअर टाकतो. ती सारखी करून झाली. झटका तसाच. मग तो माझ्याकडून प्रेशर गेज घेऊन गेला. दाब पुरेसा होता, पण गिअर बदलताना काटा हळूहळू चढायच्या ऐवजी एकदम उभा राहत होता. आत एक छोटा व्हॉल्व्ह असतो, दाब हळू चढवणारा. तो अडकलेला होता.

का अडकला, ते सुट्टीनंतरच्या सकाळी कळलं. रात्रभर उभ्या गाडीच्या गिअरबॉक्सचा खालचा नट त्यानं उघडला. आधी पाणी आलं. मग तेल, दुधाच्या चहासारखं.

रेडिएटरमधून पाणी तेलात शिरतं कधीकधी. ते त्यानं तपासलं. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता, कूलर कुठं फुटला नव्हता. मग वर चढून पाहिलं. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला डोक्यावर एक छोटी टोपी असते. साध्या धुण्यानं तिच्यातून काही आत जात नाही. टँकरच्या पंपाची धार वरून मारली तर जातं.

फिल्टरमध्ये तपकिरी कागदासारखे तुकडे सापडले. आतल्या क्लचच्या चकत्यांवर तसलं अस्तर असतं, पाण्यात ते फुगतं आणि सोलून निघतं. म्हणजे नुसतं तेल बदलून भागणार नव्हतं. गिअरबॉक्सचा अख्खा डबा खाली उतरवून उघडायला हवा होता. दोन आणखी डंपर थोडे थोडे झटके मारत होते. ते रोज चालत असल्यामुळे तेल बदलल्यावर सुधारले. चौदा नंबर सुधारणारा नव्हता.

हे सगळं मला त्यानं नंतर सांगितलं, सगळं होऊन गेल्यावर. त्या सकाळी मी एवढंच पाहिलं की तो त्या तेलाच्या ट्रेवर लाकडाचा भुसा टाकत होता, जरा घाईघाईनं.

डबा उघडायचा तर इसरूची परवानगी हवी, आणि परवानगीला कारण हवं. मी खिडकीतून ऐकलं ते बोलणं.

"चौदाचा डबा उघडा लागते, इसरूभाऊ."

"काऊन? काय निंगालं?"

लियाकत थांबला. हा माणूस, ज्याला विचारलं नाही तरी उत्तर द्यायचा, तो थांबला. मग म्हणाला, "जुना झाला."

"जुना त आपन बी झालो," इसरू हसला. "तेल बदललं ना? चालू दे मंग. गाड्या कमी हायेत."

लियाकतही हसला आणि निघून गेला.

काय सांगणार होता तो? की तुमच्या पूजेच्या पाण्यानं गाडी खराब झाली? ते त्याच्या तोंडून निघालं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब त्यानं मनातल्या मनात केला आणि मूग गिळून बसला. मला त्याचा राग येतो. आजही येतो. आणि तो हिशेब त्याला कुणी शिकवला हे आठवलं की त्याच्यावरचा राग कुठं ठेवावा ते कळत नाही.

हेमराजची कंबर धरली. दुपट्टा घट्ट गुंडाळून गाडीत बसायचा. मोठ्या डंपरच्या त्या उंच सीटवर दिवसभर असे धक्के खायचे म्हणजे पाठीचं भुसकट. खाली उतरल्यावर थोडा वेळ वाकलेलाच चालायचा, आणि पोरं हसायची, "म्हतारा झाला हेमराज." लियाकत दर दोन-चार दिवसांनी गाडीखाली शिरून काहीतरी कमी-जास्त करत राहायचा. दाब उतरवून पाहिला, जोडणी पुन्हा सारखी केली. जे करून उपयोग नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, ते सगळं तो करत होता.

एका दुपारी जेवायच्या वेळी हेमराज खुशीत आला.

"भाऊ, उपाय सापडला. रिकामी गाडी खदानीत उतरवतानी न्यूट्रलमंधी टाकतो. गिअरच नाई त झटका कायचा?"

लियाकतचा घास हातात राहिला. "असं करू नको हेमराज. न्यूट्रलमंधी रिटार्डर लागत नाई." उतारावर गाडीला मागे धरून ठेवणारी ती सोय गिअरबॉक्समधूनच चालते. गिअर नाही तर तीही नाही. मग सगळा भार ब्रेकवर. "ब्रेक तापून जाईन. गाडी हातात राहनार नाई."

"मंग कंबर मोडू का मी?"

लियाकतनं हातातला घास डब्यात परत ठेवला.

"सांग ना भाऊ. तू त गाडी सुधरवून नाई राह्यला." हेमराज रागानं नव्हे, लाडानं बोलत होता. उठताना त्यानं लियाकतच्या डब्यातली मिरचीही उचलली.

धान कापणीचे दिवस होते तेव्हाची गोष्ट. पहिल्या पाळीची दुपार. चौदा नंबर रिकामा खाली उतरत होता. वळणावर तो वळला नाही. कडेचा मातीचा बांध फोडून खालच्या थरावर पडला. कोळसा भरणाऱ्या शॉवेलवाल्यानं पाहिलं, तो सांगत होता, हेमराज शेवटपर्यंत स्टिअरिंगला धरून होता. आम्ही धावत गेलो. केबिन कुठली आणि काय कुठलं, ओळखू येत नव्हतं. लियाकत खाली उतरायला लागला तेव्हा चौघांनी त्याला धरून ठेवलं.

चौकशी झाली. लिव्हर न्यूट्रलमध्ये सापडली. उतारावर न्यूट्रल, म्हणजे ऑपरेटरची चूक. लहान मुलालाही कळेल. मग कुणीतरी म्हणालं, शुद्धीतला माणूस असं कशाला करेल? आणि संध्याकाळपर्यंत हेमराज पिऊन होता असं ठरलं. कोण म्हणालं ते कुणालाच माहीत नाही. लोकांना मेलेल्या माणसाबद्दल काहीतरी लागतंच बोलायला. रक्ताच्या तपासणीचा कागद यायला महिने जातात, बोलणं दुसऱ्या दिवशी गावात पोचतं. शाळेत आचलला पोरींनी म्हटलं, तुझा बाप दारू पिऊन मेला. ती शाळेत जायची बंद झाली. सोमाजीनं मासे घेऊन बाजारात जाणं सोडलं.

हे लियाकतला मीच सांगितलं, टूलरूमच्या खिडकीतून. तो पाना घ्यायला आला होता. पाना तिथंच ठेवून तो सरळ साहेबांच्या केबिनकडे गेला, आणि मी कुलूप न लावता त्याच्या मागे गेलो.

केबिनमध्ये इसरू उभाच होता. लियाकतनं सगळं सांगितलं: पाणी, धार, टोपी, फिल्टरमधले तुकडे, डबा उघडायला हवा होता, कारण सांगितलं नाही. "मले माहीत होतं साहेब," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. साहेबांनी पडलेल्या गाडीचा गिअरबॉक्स उघडायचा हुकूम दिला. उघडला तेव्हा आत सगळं लियाकत म्हणाला तसंच होतं. चकत्यांचं अस्तर गेलेलं, व्हॉल्व्हवर गंज. आम्ही सगळे त्या डब्याभोवती उभे होतो.

शेवटी इसरू बोलला. "अरे लियाकत, मले सांगाचं ना! मी काय तुले खाल्लो असतो? मीच त डबा उघडला असता."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं ते. आणि तरी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. लगेच लियाकतच्याही. नंतर मी इसरूला त्या ढिल्या नटांबद्दल, त्र्याण्णवच्या त्या हसण्याबद्दल विचारलं. त्याला आठवतच नव्हतं. खरंच आठवत नव्हतं.

लियाकतला कामावरून घरी बसवलं. पुढं दुसऱ्या खाणीवर पंपावर बदली झाली, गिअरबॉक्सला त्यानं पुन्हा कधी हात लावला नाही. पण त्याआधी, केबिनमधल्या त्या दिवसानंतरच्या पहिल्याच सुट्टीला, तो मला म्हणाला, "मुखरूभाऊ, मले हेमराजच्या गावी घेऊन चाल. एकट्यानं जानं होनार नाई."

माझ्या स्कूटरवर आम्ही गेलो. अंगणात सोमाजी जाळं विणत बसला होता; मान वर केली नाही त्यानं. चंदाबाई बाहेर आली, आम्हाला बसायला खाट टाकली. लियाकत बसला नाही.

"वहिनी, हेमराज पिऊन नव्हता. थेंब नाई घेतला त्यानं."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"कंबर दुखे म्हनून न्यूट्रल टाके तो. गाडीचा झटका सोसत नव्हता."

"कंबर मले माहीत हाये," ती म्हणाली. "मीच तेल लावून देत होती. गाडी सुधरत नव्हती का?"

"सुधरन्यासारखी होती. डबा उघडला असता त सुधरली असती."

"मंग काऊन नाई उघडला?"

"कारन सांगा लागत होतं. पूजेच्या वक्ती गाडी धुतली, ते पानी आत गेलं होतं. मले माहीत होतं. मी सांगतलो नाई. भेलो."

"कोनाले?"

लियाकतनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि मग मान खाली घातली. "सगळ्यायले," तो म्हणाला.

सोमाजीचे हात जाळ्यात थांबले होते. चंदाबाई रडेल, शिव्या देईल, अंगावर धावून येईल, असं मला वाटत होतं. मी मध्ये पडायच्या तयारीनं उभा होतो. तिनं पदर खोचला आणि पायात चप्पल घातली.

"चला."

"कुठी?"

"पानठेल्यावर. तिथीच बसून म्हनते लोकं का माझा नवरा पिऊन मेला. तिथी सांगा."

आम्ही गेलो. बाकड्यावर चार माणसं बसली होती, तंबाखू मळत, विडी ओढत. लियाकतनं खालमानेनं सांगितलं.

"मोठ्यानं," चंदाबाई म्हणाली.

त्यानं मोठ्यानं सांगितलं.

"आन तुमाले माहीत होतं, हे बी सांगा."

त्यानं तेही सांगितलं. बाकड्यावरच्या एकानं विडी विझवली. कुणी वर पाहिलं नाही. मग ती त्याला पोलीस पाटलाच्या ओट्यावर घेऊन गेली, मग शाळेसमोर, मग एकेका दारापुढं. दारात बाई आली की चंदाबाई म्हणायची, "हे गाडी सुधरवनारे हायेत, ऐका," आणि लियाकत पहिल्यापासून सुरू करायचा: पिऊन नव्हता, गाडी खराब होती, मले माहीत होतं, मी भेलो. आमच्या मागं सोमाजी येत होता. कुठल्यातरी दारापाशी आचलही आमच्यात येऊन चालायला लागली, आजोबाचं बोट धरून.

उन्हं उतरली. लियाकतचा आवाज बसला. शब्द फुटेनात, नुसती हवा निघत होती. मी चंदाबाईला हात जोडून म्हटलं, "आता पुरे करा बाई, साऱ्या गावाले कळलं."

तिनं त्याच्यासाठी एका घरातून तांब्याभर पाणी मागितलं, त्याला प्यायला दिलं, आणि तो पिऊन होईपर्यंत उभी राहिली.

"चला," मग ती म्हणाली, "नदीकडचा मोहल्ला राह्यला हाये."